मेल्यांचा तलाठी

वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यात नेल्सनला दोन नावं होती. साठीपर्यंत तो ‘मशीनवाला नेल्सन’ होता आणि साठीनंतर लोक त्याला ‘मेल्यांचा तलाठी’ म्हणू लागले. पहिलं नाव त्याने चाळीस वर्षं बोटींची इंजिनं उघडून आणि जुळवून मिळवलं होतं. दुसरं त्याला एका वर्षात मिळालं, तेही फुकट.

झालं असं की त्याचे गुडघे गेले. बोटीच्या पोटात वाकून उतरणं बंद झालं. त्याच सुमारास त्याच्या मुलाने, रायनने, आचोळ्याला फ्लॅट घेतला. हॉलची एक भिंत रिकामी होती. ‘‘डॅडी, तिथे आपल्या घराण्याचं झाड करून लावू या,’’ रायन म्हणाला. ‘‘तुम्हाला सगळे माहीत आहेत ना?’’

नेल्सन हो म्हणाला आणि घरी येऊन बोटं मोजायला बसला. आजोबांच्या पलीकडे बोट सरकेना. चाळीस वर्षं आपण दुसऱ्यांच्या इंजिनांचे नंबर पाठ ठेवले आणि पणज्याचं नाव ठेवलं नाही, याची त्याला त्या संध्याकाळी लाज वाटली.

सोमवारी तो चर्चच्या ऑफिसात गेला. ऑफिस क्लेमेंटीन सांभाळायची. पन्नाशीची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि जुन्या नोंदवह्यांच्या बाबतीत फादरांनाही न जुमानणारी.

‘‘पेन खिशात ठेवा,’’ ती म्हणाली. ‘‘पेन्सिलने उतरवायचं. पान पलटताना थुंकी लावायची नाही.’’

‘‘मी काय इंजिनाला थुंकी लावतो काय?’’

‘‘इंजिन तुम्ही परत चालू करता, नेल्सन अंकल. पान फाटलं की फाटलं.’’

त्याने काम केलं ते आपल्या धंद्याच्या रीतीने. इंजिन उघडलं की सुटे भाग ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने फडक्यावर मांडायचे, म्हणजे जुळवताना हात चुकत नाही. तशी त्याने घरी खाटेवर जुनी चादर अंथरली आणि प्रत्येक नोंदीची एक चिठ्ठी करून ती चादरीवर मांडत गेला. बाप्तिस्मा एका रांगेत, लग्नं दुसऱ्या, दफनं तिसऱ्या. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येक रांगेवर एकेक जुना वॉशर. त्याची बायको अँजेलिना महिनाभर खाली चटईवर झोपली आणि एकदाच म्हणाली, ‘‘मेलेले खाटेवर नि जिते जमिनीवर. चांगलं हाय.’’

काम सोपं नव्हतं. आडनाव सगळ्यांचं कोळी. गावात घरं ओळखायची ती टोपणनावांनी, आणि टोपणनावं फादर लोकांनी कधी लिहिली नाहीत. त्यामुळे नवराबायकोची जोडी धरून चालावं लागायचं. पण नेल्सनला गोडी लागली. आपल्यांचं शोधताना दुसऱ्यांचे दिसत, ते तो उतरवून घेई आणि जेट्टीवर त्यांच्या पणतवंडांना सांगे. मेलेल्यांबद्दल तो आता घडत असल्यासारखं बोलायचा. ‘‘तुझा पणजा पंचविसाव्या वर्षी लग्न करतो, आणि सव्विसाव्या वर्षी दर्यात बुडून जातो बघ.’’ तो दिसला की जाळं विणणारे ओरडायचे, ‘‘तलाठी आला रे, आपापला सातबारा काढा!’’ पण दुपारी त्यांतलाच एखादा हळूच दारात येऊन उभा राहायचा. ‘‘नेल्सन, माझ्या आज्याचं काय सापडलं?’’

आईची नोंद त्याला फेब्रुवारीत सापडली. कॅथरीन, सेबेस्टियन आणि इसाबेल यांची मुलगी, बाप्तिस्मा एकोणीसशे एकोणचाळीस. आधार कार्डावर म्हातारीची जन्मतारीख बहुतेक म्हाताऱ्यांसारखी एक जानेवारी होती. खरी तारीख कोणालाच माहीत नव्हती. नेल्सनने माणिकपूरहून केक आणला, त्यावर पंच्याऐंशी आकडा घालून घेतला. कॅथरीनने केक कापला, पहिला तुकडा स्वतःच खाल्ला आणि कोणाकडे न बघता म्हणाली, ‘‘गोड हाय.’’

मग झाड पूर्ण झालं. नेल्सनने मोठ्या कागदावर स्वतःच्या हाताने नावं लिहिली, फांद्या हिरव्या शाईने काढल्या. फ्रेमला देण्याआधी कागद आईसमोर धरला. ती निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून बराच वेळ बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव ओळखता येत होतं.

‘‘हिथं एक खूण कर,’’ ती नावावर बोट ठेवून म्हणाली. ‘‘ती वाकडी असते ना, प्रश्न विचारायची.’’

‘‘कशाला?’’

‘‘मी त्यांची नाय म्हनून.’’

नेल्सन हसला. त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करते आहे. पण कॅथरीनने मेथी परत हातात घेतली आणि पानं खुडत, जसं काही बाजारातला भाव सांगावा तसं सांगितलं. लहानपणी तिची थोरली काकू तिला म्हणायची, ‘सुपात घालून विकत आनलेली तू, बोंबील देऊन घेतली तुला.’ आधी तिला ती मस्करी वाटायची. मग ती आईकडे लक्ष देऊन बघू लागली. आई धाकट्या भावांना कुशीत घ्यायची, हिला नाही. हिला नावाने हाक मारायची नाही. ‘ए पोरी’ म्हणायची. एकदा ताप चढला तर आई उंबऱ्याबाहेर बसून राहिली, आत आली नाही. आणि वर्षातून एकदा ती हिला अर्नाळ्याला, आपल्या माहेरी न्यायची. तिथे शेजारच्या घरातली एक जाडजूड हिंदू कोळीण हिच्या फ्रॉकात मूठभर सुकट ओतायची आणि आईला बजावायची, ‘‘सांभाळ गं आमची पोर.’’

‘‘आमची म्हनायची ती,’’ कॅथरीन म्हणाली. ‘‘आनि माझी आय मान खाली घालून हो म्हनायची. मग मी कोनाची?’’

‘‘आय, मी स्वतः नोंद बघितली. बाप, आई, सगळं लिहिलंय.’’

‘‘बघ पुन्हा.’’ तिचा आवाज तसाच होता, फक्त हात थांबले. ‘‘मला आता किती दिवस? वर गेल्यावर हजार बायका उभ्या असतील. कोनाला आय म्हनून हाक मारू ते तरी कळू दे.’’

पंचाहत्तर वर्षं हे तिने पोटात ठेवलं होतं. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन वसईच्या बाजारात जाताना, नेल्सनला जन्म देताना, नवऱ्याला मातीत घालताना. नेल्सनने झाड गुंडाळून कपाटावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो चर्चमध्ये गेला तो आईची शंका फेडायला. बाप्तिस्म्याचं पुस्तक त्याला पाठ झालं होतं, म्हणून या वेळी त्याने दफनाचं पुस्तक मागितलं. इसाबेलच्या घरात कोण कोण गेलं ते बघावं, एवढाच विचार. पान उलटता उलटता तो थांबला. एकोणीसशे एकेचाळीस. कॅथरीन, सेबेस्टियन आणि इसाबेल यांची मुलगी. वय वर्षं दोन.

त्याने ओळ तीनदा वाचली. क्लेमेंटीनने विचारलं, ‘‘पाणी देऊ का?’’

ज्या मुलीच्या जन्माचा केक आपण कापला ती त्र्याऐंशी वर्षांपूर्वी मातीत गेली होती. त्याने त्याच दुपारी एकेचाळीसपासून पन्नासपर्यंतचे सगळे बाप्तिस्मे बोट ठेवून वाचले. दोन मामा सापडले. कॅथरीन नावाची दुसरी मुलगी त्या आईबापांना झाल्याची नोंद कुठेच नव्हती.

त्याने घरी काही सांगितलं नाही. आठ दिवस तो आईच्या समोर बसून जेवायचं टाळत होता. जेट्टीवर गेला नाही. कोणीतरी आज्याची चौकशी करायला आलं तर अँजेलिनाकरवी झोपलोय म्हणून सांगितलं. खरं शोधायला निघालेला माणूस खरं सापडल्यावर ते खिशात घालून हिंडत होता, आणि ते जड होतं. शेवटी अँजेलिनानेच त्याला मागच्या दारी गाठलं.

‘‘काय झालंय ते बोल. नायतर मी तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या एक करून टाकीन.’’

त्याने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘एवढंच ना? गेलेल्या पोरीचं नाव पुढल्या पोरीला ठेवलं असंल. माझ्या माहेरी दोन जोसेफ झाले, दुसरा माझा बाप.’’

‘‘पण दुसरीची नोंद नाही! मी सगळी पुस्तकं बघितली. पोरगी आली कुठून मग?’’

तो खाटेपाशी जाऊन उभा राहिला. चादरीवरच्या रांगा पहिल्यापासून बघत गेला. चिठ्ठी करताना तो पानावर असेल ते सगळं उतरवायचा, समासातलं बारीक अक्षरसुद्धा. दोन्ही मामांच्या चिठ्ठ्यांवर कडेला एकेक ओळ होती: अमुक साली, अमुक ठिकाणी लग्न. आजोबांच्या चिठ्ठीवर होती. आईच्या चिठ्ठीची कड कोरी होती.

क्लेमेंटीनने फोनवरच उलगडा केला. ‘‘लग्न लागलं की जिथे बाप्तिस्मा झाला त्या चर्चला कळवतात, अंकल. तिथे नावाच्या कडेला ते लिहून ठेवतात. पहिली कॅथरीन दोन वर्षांची गेली, तिची कड कोरीच राहणार. तुमच्या आईचं लग्न ज्या नावाच्या कडेला लिहिलंय ते पान दुसरीकडे आहे.’’

‘‘कुठे?’’

‘‘त्यांच्या लग्नाच्या नोंदीत लिहिलं असेल ना. तुम्ही ती बघितलीच असेल.’’

नेल्सनने ती बघितली नव्हती. पणज्यांची, खापरपणज्यांची, शेजाऱ्यांची लग्नं त्याने वाचली होती. आपल्या आईबापांचं लग्न शोधावं असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याचा फोटो तर घरात भिंतीवरच होता.

एकोणीसशे एकसष्टच्या पानावर एका ओळीत उत्तर होतं. वधूचा बाप्तिस्मा अर्नाळ्याकडच्या चर्चमधला. तिथे नेल्सन स्कूटरने गेला. पुस्तक उघडून पान सापडायला दहा मिनिटं लागली. कॅथरीन, सेबेस्टियन आणि इसाबेल यांची मुलगी, एकोणीसशे बेचाळीस. कडेला वेगळ्या शाईत तिच्या लग्नाची तारीख. आगाशी, निर्मळ ही गावं कधी मागे पडली ते परतताना त्याला कळलं नाही.

‘‘आय, तू त्यांचीच,’’ तो दारातूनच ओरडला. ‘‘आणि तीन वर्षांनी लहान झालीस. ब्याऐंशी!’’

त्याने सगळं सांगितलं. आधीच्या मुलीचं, नावाचं, दोन चर्चचं. कॅथरीन ऐकत होती. वर एक बहीण होती हे ऐकून तिचे ओठ किंचित हलले. पण मग तिने मान हलवली.

‘‘फादर काय, सांगितलं ते लिहिनार. घेतलेल्या पोरीलाही आयबाप म्हनून तीच नावं लिहितात. मग ती बाई आमची पोर का म्हनायची? बोंबील कोनी दिले?’’

म्हातारी बरोबर होती. पुस्तकात ओळ होती, आणि ओळीच्या बाहेर एक सूप शिल्लक होतं.

‘‘मला घेऊन चल,’’ कॅथरीन म्हणाली.

तिच्या मामांचं घर अर्नाळ्यात आता राहिलं नव्हतं. तिथे लाद्यांची दोन मजली इमारत उभी होती. पण शेजारचं घर होतं. पुढे बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या रांगा, आणि ओसरीवर कोळंबी सोलत बसलेली नव्वदीच्या घरातली जिजाबाई. तिचा मुलगा रामनाथ, स्वतःच साठीचा, रिक्षा थांबलेली बघून पुढे आला. नेल्सनने कोण, कुठले, ते सांगितलं.

‘‘आये,’’ रामनाथ मोठ्याने म्हणाला, ‘‘पाचूबंदरवरनं आलेत. इसाबेलबाईची पोर म्हनतात.’’

जिजाबाईने कोळंबी ठेवली. हात न पुसताच ती उठली, कॅथरीनच्या अगदी जवळ आली आणि तिचं तोंड दोन्ही बाजूंनी बघितलं.

‘‘विकलेली पोर!’’ ती म्हणाली. ‘‘अजून जगतेस गं तू? मग सौदा लागू पडला म्हनायचा!’’

कॅथरीनचा हात नेल्सनच्या दंडावर घट्ट झाला. ‘‘कोनी विकली मला?’’

‘‘तुझ्या आयनंच. बस आधी. रामनाथ, पानी दे.’’

जिजाबाईला हे सासूने सांगितलं होतं, एकदा नाही, दरवर्षी. इसाबेलची पहिली मुलगी दोन वर्षांची होऊन गेली. दुसरीच्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी आली, इथे शेजारी. ज्या घराची चटक मरणाला लागली त्या घरात पोर ठेवायची नाही, असं तेव्हा मानायचे. पोर सुपात घालून अशा बाईला विकायची, जिचं एकही मूल दगावलेलं नाही. जिजाबाईच्या सासूला नऊ मुलं होती आणि नऊही जिवंत.

‘‘मूठभर तांदूळ घेऊन तुझ्या आयनं तुला माझ्या सासूला विकली. महिनाभरानं परत विकत घेतली, सूपभर बोंबील देऊन. मग पोर कागदावर तुझ्या आयची, पन नावाला आमची. मरन हुडकत आलं तर त्याला वाटायचं, ही त्या घरची नाय.’’

‘‘आणि चर्च?’’ नेल्सनने विचारलं.

‘‘तुमच्या फादरला सांगितलं असतं तर त्यानं काठीच उचलली असती! बाप्तिस्मा हिथल्या चर्चात गुपचूप उरकला, तो विकायच्या आधी का नंतर ते सासूनं सांगितलं नाय मला.’’

कॅथरीन ओसरीच्या कडेला बसली होती. पाण्याचा पेला हातात तसाच होता. ‘‘आय मला कुशीत घेत नव्हती,’’ ती म्हणाली.

‘‘कशी घेनार? विकलेल्या पोरीला आयनं आपली म्हनायचं नाय, नावानं हाक मारायची नाय, आनि पोरीला सांगायचं तर मुळीच नाय. म्हटलं की सौदा मोडला. लोक पाच वरसं पाळायचे. तुझी आय किती पाळत होती?’’

‘‘मरेपर्यंत,’’ कॅथरीन म्हणाली.

‘‘मग घाबरट होती बिचारी.’’ जिजाबाई हसली. तिला एकच दात होता. ‘‘आनि बोंबलाचं सांगू? सूपभर ठरले होते. तुझ्या आयनं दोन सुपं आनली. सासू म्हनाली, अगं एवढे कशाला? तर म्हनाली, माझी पोर स्वस्तात परत आनली असं कोनी म्हनायला नको.’’

कॅथरीन हे ऐकून आधी हसली. मोठ्याने, मासळीबाजारात गिऱ्हाइकाला हसावं तसं. मग हसता हसताच तिचं तोंड वाकडं झालं आणि तिने पदर तोंडाशी धरला. जिजाबाईने तिच्या पाठीवर कोळंबीचा हात ठेवला. रामनाथ आणि नेल्सन, दोघे साठीचे पुरुष, उगाच बांबूवरच्या बोंबलांकडे बघत उभे राहिले.

परतताना रिक्षा आगाशीच्या पुढे आली तेव्हा कॅथरीन म्हणाली, ‘‘तापात उंबऱ्यावर बसली होती ती. सगळी रात बसली होती. मी बघत होते.’’ आणि थोड्या वेळाने, जणू हिशेब मनात पक्का झाला असावा तसं, ‘‘आता वळखीन मी तिला.’’

नेल्सनने झाडाचा कागद नव्याने काढला. आईच्या नावाशेजारी, तिच्या आधी, तेच नाव दुसऱ्यांदा लिहिलं, एकोणचाळीस ते एकेचाळीस. रायनला ते बघून वाटलं डॅडींची चूक झाली.

ऑक्टोबरच्या शेवटी चर्चच्या ऑफिसात रांग लागते. दोन नोव्हेंबरच्या, मृतांच्या दिवसाच्या मिस्सेत आपापल्या गेलेल्यांची नावं वाचली जावीत म्हणून लोक यादी देतात. एरवी कॅथरीनच्या घरची यादी नेल्सन द्यायचा. या वर्षी ती स्वतः आली, त्याचा हात धरून, पायऱ्या चढून. क्लेमेंटीनने कागद पुढे ओढला आणि म्हातारी सांगू लागली. नवरा. सेबेस्टियन. इसाबेल. दोन भाऊ. मग ती म्हणाली, ‘‘कॅथरीन.’’

क्लेमेंटीनचं पेन थांबलं. ‘‘आजी, हे तुमचं नाव. जित्या माणसाचं नाव या यादीत घालत नाहीत, अपशकुन होतो.’’

‘‘माझं नाय. माझ्या मोठ्या बहिनीचं. मी ते वापरलं, एवढंच.’’

मागे उभ्या असलेल्या बाईने नेल्सनकडे बघितलं. त्याची आई ब्याऐंशीव्या वर्षी कोणाची तरी धाकटी होऊन टेबलाला रेलून उभी होती.

‘‘आनि नाव सगळ्यांच्या शेवटी नको,’’ ती क्लेमेंटीनला म्हणाली. ‘‘माझ्या आयच्या बाजूला लिही. वय दोन वरसं. आनि फादरांना सांग, मोठ्यानं वाचा. त्र्याऐंशी वरसांत तिला कोनी हाक मारली नाय.’’